फूटप्लेटवर पहिल्यांदाच चाललोय, इंजिन जुनं अल्को. धक्का रुळाचा की इंजिनाचा, ओळखायचं कसं?

नवा_पीवे:
नमस्कार मंडळी. पी-वेला, म्हणजे रुळ सांभाळणाऱ्या खात्याला, लागून मला जेमतेम सात महिने झालेत, आत्तापर्यंत ट्रॉलीवर आणि पायी फिरूनच लाइन बघितली, पण पुढच्या आठवड्यात साहेबांनी फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनाच्या कॅबमधून, जायला सांगितलंय. पास हातात आलाय. गाडी कुठली, तर खडीच्या हॉपरची. सिंगल लाइन, नव्वदेक किलोमीटरचा सेक्शन, दोन्हीकडे नुसती शेतं आणि थोड्या थोड्या अंतरावर फाटकं. वरती वायर टाकून झालीय पण खडीगाडीला अजून डिझेलच मिळतंय, आणि शेडमधून येतंय ते डब्ल्यूडीजी-3ए, अमेरिकन अल्को कंपनीच्या डिझाइनचं, वयाने माझ्यापेक्षा मोठं असेल.

काम एवढंच की कुठे कुठे धक्का बसतो ते किलोमीटर आणि खांब नंबरसकट लिहून आणायचं. ओळखायचं कसं म्हणून विचारलं तर उत्तर आलं, बसलास की कळेल. आता परवा यार्डात त्याच इंजिनात पाच मिनिटं चढून आलो, इंजिन नुसतं उभं होतं, आयडलवर, तरी खिडकीची काच, दार, कोपऱ्यातली लोखंडी पेटी, माझे दात, सगळंच खडखडत होतं. उभ्या उभ्या ही तऱ्हा तर चालत्या गाडीत त्यातून रुळाचा धक्का वेगळा काढायचा कसा? मी चुकीचा खांब लिहून आणला तर गँगची माणसं भर उन्हात जाऊन चांगली खडी उकरत बसणार आणि वर मला शिव्या घालणार.

अजून थोडे बावळट प्रश्न. उभं राहायचं का बसायचं, कुठं धरायचं, कशाला हात लावायचा नाही, आणि नव्वद किलोमीटरला वेळ किती धरून चालू?

माजी_फूटप्लेट:
शेवटच्यापासून सांगतो. वेळ धरूच नकोस. खडीगाडी म्हणजे सगळ्यांना वाट देणारी बिचारी, सिंगल लाइनवर समोरून एक पॅसेंजर आली की तू लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या लाइनला, मागून एक्सप्रेस आली की परत लूपला. एकदा आम्ही एका लूपमध्ये इतका वेळ उभे होतो की सकाळी इंजिनाची सावली प्लॅटफॉर्मवर पडली होती ती निघताना पलीकडे शेतात गेली होती. पाणी भरपूर घे आणि निघायच्या आधी सगळं उरकून घे, जुन्या अल्कोत संडास नसतो.

आता मुद्द्याचं. मी डिझेल असिस्टंट म्हणून लागलो तेव्हा डब्ल्यूडीएम-2 चं राज्य, 2600 हॉर्सपॉवर. तुझं 3ए नंतर आलं, 3100 चं, पण पोटात तेच सोळा सिलिंडरचं अल्को 251. ते आयडलला चारशेच्या आसपास फिरतं, एक ठोका मोठा एक बारीक असं लंगडत लंगडत, आणि त्याला कॅबचा पत्रा न पत्रा साथ देतो. म्हणजे यार्डात तू जे अनुभवलंस ते सगळ्यात वाईट होतं असं समज. नॉच, म्हणजे थ्रॉटलच्या पायऱ्या, वाढत गेले की आवाज वाढतो पण खडखड कमी होते, आठव्या नॉचला ते हजाराच्या वर जातं तेव्हा पायाखाली एकसारखी घरघर लागते, ती दहा मिनिटांत अंगवळणी पडते.

धक्क्याचं म्हणशील तर आधी दिशा बघ. पुढं ढकलल्यासारखं किंवा मागून खेचल्यासारखं झालं तर ते रुळाचं नाही, ते मागच्या डब्यांचं. खाली बसून वर आल्यासारखं झालं किंवा खांदा एकदम बाजूला गेला तर ते लिही. आणि पायलट, म्हणजे ड्रायव्हर, थ्रॉटल बंद करून गाडी नुसती घरंगळू देतो तेव्हा नीट ऐक, रुळ तेव्हा बोलतो.

उभा राहा पण गुडघे कडक ठेवू नकोस. धरायचं तर खिडकीची चौकट धर. असिस्टंटच्या बाजूला इमर्जन्सी ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, तोल गेला म्हणून तो धरलास तर गाडी जागेवर उभी राहील आणि तू पेपरात येशील. आणि दोघं सिग्नल कॉल करत असतील तेव्हा तोंड बंद, कितीही महत्त्वाचं असलं तरी.

शेड_मेकॅनिक:
काकांचं सगळं पटलं पण थ्रॉटल बंदचं नाही. थ्रॉटल बंद केला म्हणजे इंजिन आयडलवरच येणार ना, म्हणजे परत तोच खडखडाट. भावा तू उलट कर, पाचव्या-सहाव्या नॉचला गाडी एका स्पीडने चालली असेल तेव्हा लक्ष दे, त्यावेळी मशीन सगळ्यात सरळ चालतं.

आणि जुनं आहे म्हणून हलतं हे काही मी मान्य करणार नाही. आठव्या नॉचला कॅब हलत असेल तर एखादा सिलिंडर नीट मारत नाहीये, पंप नाहीतर इंजेक्टर. एका सिलिंडरचा बोअर नऊ इंच आणि स्ट्रोक साडेदहा, म्हणजे जवळजवळ अकरा लिटर, एकेक सिलिंडर चार-पाच मोटारींच्या अख्ख्या इंजिनाएवढा. तो एक रुसला तर कळणारच. त्यात वयाचा काय दोष, आमच्याकडे चांगलं ओव्हरहॉल होऊन गेलेलं जुनं इंजिन नव्यापेक्षा शांत चालतं.

तुझ्या कामाचं सांगतो. जो धक्का जागेला चिकटलेला तो रुळाचा, जो तुझ्याबरोबर प्रवास करतो तो इंजिनाचा. उदाहरण घे, चाकाला फ्लॅट असेल म्हणजे ब्रेकमध्ये चाक घसरून एका जागी घासलं असेल तर टक टक टक वाजत राहतं. चाकाचा व्यास 1092 मिलिमीटर, म्हणजे एका फेरीला साधारण 3.4 मीटर, 40 च्या स्पीडला सेकंदाला तीनच्या वर ठोके. स्पीड कमी झाला की ठोके लांबतात, वाढला की जवळ येतात, पण पुढच्या खांबाला गेलं तरी सोडत नाहीत. हे पहिल्या दोन किलोमीटरमध्येच पाठ करून टाक आणि नंतर डोक्यातून वजा कर.

आणि लूपला दोन तास आयडलवर थांबून निघालात की धुराड्याकडे बघून घाबरू नको. आयडलला डिझेल नीट जळत नाही, ते आणि थोडं लुब ऑइल एक्झॉस्टमध्ये साठतं, मग नॉच भराभर दिले की काळा लोट उठतो, कधी त्यातून ज्वाळाही दिसते. शहाणा पायलट हळूहळू नॉच देतो.

अल्कोप्रेमी:
तो काळा लोट बघायला आम्ही उन्हात पुलावर दोन-दोन तास उभे राहतो आणि तुम्ही म्हणता घाबरू नको!! लकी आहात तुम्ही सर खरंच. 1962 ला अमेरिकेतून पहिली डब्ल्यूडीएम-2 आली, 1964 पासून वाराणसीला बनायला लागली, तिकडे अल्को कंपनीनं 1969 ला गाशा गुंडाळला आणि आपल्याकडे तिचं इंजिन त्यानंतर कितीतरी वर्षं नवंकोरं बनत राहिलं, हे लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं. श्रीलंकेत अजून एम-8 म्हणून आपल्याच डब्ल्यूडीएम-2 ची भावंडं आहेत. आणि तुमची 3ए, त्यातल्याच दोन घेऊन 2018 ला वाराणसीत 10000 हॉर्सपॉवरचं इलेक्ट्रिक केलं होतं, आतलं अल्को काढून टाकून. मला ते बघून वाईटच वाटलं.

एक विचारू का, आमच्यासारख्या साध्या माणसाला असं मालगाडीच्या इंजिनात बसून जाता येईल का? पायलट ओळखीचे असले तर?

ब्रेकव्हॅन:
नाही. आणि ओळखीच्या पायलटला असं विचारूही नकोस, नाही म्हणायला त्याला जड जाईल आणि हो म्हणाला तर नोकरी जाईल. रेल्वे कायदा 1989, कलम 156. टपावर, पायरीवर नाहीतर इंजिनात बसून जाणाऱ्याला हटकूनही तो उतरला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्रश्न विचारणाऱ्या भाऊंकडे पास आहे, ते कामाला चाललेत. तू पुलावरूनच बघ, तिथून धूर चांगला दिसतो असंही ऐकलंय.

आता नवा_पीवे भाऊ, काकांनी पुढं-मागं म्हणून जे सांगितलं त्यात मागच्या टोकाची बाजू ऐका. मी गार्ड, आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, काम तेच. प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी ढील असते, चाळीसेक डब्यांची मिळून ती बरीच होते. उतारावर सगळे डबे इंजिनाला येऊन टेकतात, चढ लागला की एकेक करून ताणले जातात. इंजिनात तुम्हाला जी टिचकी लागते ती माझ्यापर्यंत येईस्तोवर लाथ झालेली असते. म्हणून एक करा, तुमच्या सेक्शनचा ग्रेडियंट चार्ट, म्हणजे चढ-उताराचा तक्ता, बरोबर ठेवा. जिथं उतार संपून चढ लागतो तिथं पुढं-मागं हिसका बसणारच, तो रुळाचा दोष म्हणून लिहू नका. ब्रेक सोडल्यावरही तेच. इंजिनावर प्रेशर पाच किलो दिसत असलं तरी लांब गाडीत मागे हवा भरायला वेळ लागतो, पुढचे डबे सुटलेले आणि मागचे अजून धरलेले, त्या वेळात पायलटने घाई केली की धडाम.

अजून एक जुनी गंमत. तुमच्या सेक्शनला कुठं तेरा मीटरचे, फिशप्लेटने जोडलेले रुळ उरले असतील तर 47 सेकंदात किती सांधे वाजले ते मोजा, तेवढा ताशी किलोमीटर स्पीड. गणित करून बघा, बरोबर येतं. मात्र बोगीची (बोगी म्हणजे डबा नव्हे, खालचा चाकांचा गाडा) सगळी चाकं मिळून एक ठोका धरायचा, नाहीतर 150 चा स्पीड निघेल आणि तुम्ही खडीगाडीचा विक्रम नोंदवाल. वेल्डिंगच्या लांब रुळावर यातलं काही चालत नाही, तिथं आवाजच नाही.

माजी_फूटप्लेट:
शेडवाल्या भावाचं आयडलचं म्हणणं बरोबर आहे, पण मी कानाचं म्हणतच नव्हतो. ऐक म्हणालो ते चुकलं. बुटाच्या तळव्याने कळतं. ओढ नसताना मोटरांचा ताण निघतो, इंजिन सैल होतं, त्यावेळी सांधा दबलेला असेल तर टाचेला आधी कळतं. खडखड वर पत्र्यात असते, ती कानात जाते, टाचेत नाही. जाड रबराचा बूट घालू नकोस. पुढं तुमची मर्जी.

नवा_पीवे:
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. दोन शंका. एक, धक्का बसला आणि मी वही उघडून खांब बघेपर्यंत खांब मागे गेलेला असणार, मग? दोन, इंजिन वळवायची सोय त्या टोकाला नाही म्हणे, म्हणजे येताना लाँग हूड, इंजिनाचं लांब नाक, पुढे आणि कॅब मागे. त्याने काही फरक पडतो का?

गँग_नंबर_सात:
पी-वेचा माणूस म्हणून मी उत्तर देतो, वीस वर्षं रुळावर काढलीत, आधी खाली राहून शिव्या खाल्ल्या आणि आता फूटप्लेटवरून देतो.

50 च्या स्पीडला सेकंदाला जवळपास चौदा मीटर जातात. तुला कळायला एक सेकंद, खांब शोधायला दोन सेकंद, म्हणजे चाळीस मीटर गेले. विजेचे खांब साधारण साठेक मीटरवर असतात, म्हणजे आकडा एकाने सहज चुकतो. म्हणून उलटं करायचं. खांब आधीपासून मनात मोजत राहायचे, 412/4, 412/5, तोंडाने पुटपुटत, धक्का बसला की त्या क्षणी जो आकडा ओठावर आहे तोच लिहायचा. वही बंद करायचीच नाही. आडवा असेल तर आ, उभा असेल तर उ, आणि जोर एक, दोन, तीन. बास. वाक्यं लिहीत बसलास तर पुढचे चार धक्के हुकतील. आणि स्पीड लिही, तो लोक हमखास विसरतात. 30 ला लागलेला दोन जोराचा धक्का 60 ला लागलेल्या दोनपेक्षा फार वाईट असतो.

लाँग हूडने नक्की फरक पडतो. जाताना कॅब पुढं असते, पुढची बोगी गेली की लगेच तुला कळतं. येताना अख्खं इंजिन तुझ्या पुढे असतं, पुढची बोगी खड्ड्यातून जाऊन वर आलेली असते आणि नंतर तुझ्याखालची बोगी जाते. म्हणजे तुला एकाच जागेचे दोन झटके लागतात, आधी लांबून हलकासा आणि मग जवळचा. नवखा माणूस ते दोन दोष म्हणून लिहितो. मीही लिहिले होते.

पॉइंट आणि क्रॉसिंगवर दणका बसणारच, तो मोजायचा नाही, वेगळा वाटला तरच मोजायचा. पण फाटकाच्या दोन्ही बाजू आणि पुलाचे अप्रोच नीट बघ. पूल दगडावर बसलेला असतो, तो दबत नाही, त्याच्या अलीकडची माती दबते, आणि मधल्या पायरीवर इंजिन ठेचकाळतं. जमिनीवरचे दोष निम्मे-अर्धे तिथंच असतात बघ, निदान आमच्याकडे तरी.

सगळ्यात महत्त्वाचं, तुझं नशीब चांगलं आहे की तीच गाडी जाऊन येतेय. भरलेली असो का रिकामी, इंजिनाचं वजन तेवढंच, 123 टन. डब्यांचे हिसके येताना बदलतील, इंजिनाची थरथर सगळीकडे असेल, पण रुळाचा दोष त्याच खांबाला परत भेटेल. जाताना आणि येताना दोन्ही याद्यांत जे आलं तेवढंच साहेबाला दे. बाकीचं वहीत राहू दे. आणि कुठं इतका जोराचा बसला की पायलटने तुझ्याकडे बघितलं, तर यादीची वाट बघायची नाही, पुढच्या स्टेशनला लगेच सांगायचं, मागून येणारी गाडी तिथं तशीच जाता कामा नये.

शेड_मेकॅनिक:
गँगवाल्या दादांनी एका पोस्टमध्ये सगळं संपवलं की. मी फक्त एवढंच म्हणतो की येताना पायलटला इंजिनाबद्दल दोन चांगले शब्द बोल, शेडमध्ये कुणी सांगत नाही.

नवा_पीवे:
जाऊन आलो. लांबलचक लिहितोय, माफ करा.

सकाळी सातला निघायचं होतं, निघालो साडेआठला. जाताना तीन लूप, त्यातला मधला पावणेदोन तासांचा. काका, सावली बघितली, प्लॅटफॉर्म सोडून खडीवर आली होती. समोरून पॅसेंजर आली, मग मागून एक मालगाडी आम्हाला टाकून पुढे गेली, तिला इलेक्ट्रिक होतं, आमच्याकडे कुणी बघितलंही नाही. असिस्टंट तेवढ्यात खाली उतरून इंजिनाभोवती एक फेरी मारून आला, चाकांच्या अॅक्सल बॉक्सला हाताची उलटी बाजू लावून बघत होता गरम झालंय का ते.

निघताना पायलट साहेबांनी नॉच इतके सावकाश दिले की मला वाटलं काही बिघडलंय. पहिला नॉच, थांबले. मागून कपलिंग ताणल्याचे आवाज एकामागे एक लांब जात राहिले, ते संपेपर्यंत दुसरा दिलाच नाही. धूर झाला, ज्वाळा नाही. सॉरी अल्कोप्रेमी.

काळ्या-पिवळ्या "सी/फा" पाट्यांचा अर्थ मला पुस्तकात माहीत होता, सीटी आणि फाटक, पण एका पाटीपासून फाटकापर्यंत हॉर्नवरून हात निघतच नाही हे बघितलं नव्हतं. आणि तो व्हिजिलन्सचा, पायलट जागा आहे का बघणारा दिवा, मिनिटभर कशालाच हात लागला नाही की लुकलुकतो, ते न बघता बटण दाबतात, डोळ्याची पापणी लवावी तसं. सिग्नल दिसला की दोघं मोठ्याने रंग बोलतात आणि हात करतात, मी तोंड बंद ठेवलं, दोनदा प्रश्न गिळले.

चाकाला फ्लॅट नव्हता, पण असिस्टंटच्या बाजूचं दार एका ठरावीक नॉचला कुरकुरायचं, चौथ्याला, बाकी कधीच नाही. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मी ते तीनदा धक्का म्हणून लिहिलं. मग कळलं. टाचेचं मात्र काका शंभर टक्के खरं निघालं, मी मुद्दाम पातळ तळाचे बूट घातले होते. कानाने काही कळंना तेव्हा टाचेने कळायचं, एकदम पाव इंच जमीन गेल्यासारखं.

जाताना 27 लिहिले. येताना रिकामी गाडी, लाँग हूड पुढे, समोरचं अर्धं जग हूडने झाकलेलं, पलीकडचं वळण असिस्टंट बोलून सांगत होता. तेव्हा 22 लिहिले, त्यातले तीन-चार दादांनी सांगितलं तसे जोडीजोडीने आले होते, ते एकेक केले. दोन्ही याद्यांत जुळले किती, तर फक्त नऊ. त्या नवापैकी चार पुलाच्या अप्रोचला, दोन फाटकाशी.

पण मला खरी गोष्ट सांगायचीय ती वेगळीच. पायलट साहेबांची पाण्याची बाटली कंट्रोल स्टँडच्या वरती ठेवलेली असते, स्टीलची, झाकण थोडं सैल. बाकी पूर्ण प्रवासात ती तिथं थरथरत उभी, कुणी बघतही नाही. एका मोरीच्या अलीकडे त्यांनी डोळे समोर ठेवूनच डावा हात नुसता वर नेऊन बाटलीवर ठेवला. मला वाटलं पाणी पिणार. दोन सेकंदांनी उभा धक्का, तीन जोराचा, माझी पेन्सिल खाली पडली. त्यांनी हात काढला. काही बोलले नाहीत, मीही नाही. पुढे अजून एका ठिकाणी तेच, हात, दोन सेकंद, धक्का. येताना मी रुळाकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडेच बघत बसलो. पाच वेळा बाटली धरली, पाचही माझ्या नवात आहेत.

शेवटी उतरताना विचारलं, साहेब तुम्हाला सगळी ठिकाणं पाठ आहेत मग लिहून का देत नाही. म्हणाले, दिलं होतं की दोनदा. मग थोडं थांबून म्हणाले, बाटलीचं झाकण बदलायला पाहिजे.

माजी_फूटप्लेट:
आमच्या वेळी कंदील असायचा. त्याची काच फुटू नये म्हणून धरायचो.

गँग_नंबर_सात:
त्या तीन जोराच्या मोरीवर खाली उतरून बघितलंस का? खडीवर पांढरी भुकटी दिसते का, रुळाखालच्या स्लीपरच्या टोकाला? उन्हाळ्यात तशी दिसते आणि पावसात तिथंच चिखल उडतो. स्लीपर लटकलेले असतात, वरून काही कळत नाही, चाक आलं की खाली बसतात.

नवा_पीवे:
दुसऱ्या दिवशी ट्रॉलीने गेलो. भुकटी होती दादा, सात स्लीपरला. हाताने खडी बाजूला केली तर स्लीपरखाली बोट सरळ आत गेलं. मुकादम म्हणाले इथं गाडी गेली की आवाज येतो हे गावातल्या पोरांनाही माहीत आहे. पाच ठिकाणं आधी घ्या म्हणून लिहून दिलंय, का ते लिहिलं नाही.

अल्कोप्रेमी:
सर बाटलीचा फोटो आहे का

ब्रेकव्हॅन:
कॅबमध्ये मोबाईल बंद असतो रे बाबा.

नवा_पीवे:
बारा दिवसांनी परत लिहितोय. मोरीचं पॅकिंग झालं, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासून भरली, मी स्वतः लेव्हल घेतली. परवा परत तोच पास, तीच खडीगाडी, आणि योगायोगाने तेच पायलट साहेब. इंजिन मात्र दुसरं, तेही 3ए. मोरी यायच्या आधी मी वही खाली ठेवली आणि टाचा घट्ट टेकवल्या. काहीच नाही. नुसती घरघर. असिस्टंटने माझ्याकडे बघून मान हलवली.

बाटलीला नवीन झाकण होतं, आणि साहेबांचा हात तिच्यावर गेलेला होताच.